राऊतमावशीच्या जीपचा ब्लोअर

आमच्या बोईसर-पालघर भागात गाडीला हीटर असणं म्हणजे टकल्याच्या खिशात कंगवा असण्यासारखं. इथे पौषातसुद्धा दुपारी पंख्याखाली बसावं लागतं. तरीही राऊतमावशीच्या जुन्या जीपला हीटर होता, आणि एका पावसाळ्यात त्या हीटरचा पंखा फिरतो की नाही यावर आम्हा बायकांचा जीव टांगणीला लागला होता. जीव म्हणजे खरोखरचा जीव, कारण ती जीप रोज सकाळी आम्हाला तारापूरच्या कारखान्यांत न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची.

आम्ही म्हणजे सालवड आणि कुंभवलीच्या बायका. कुणी औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावणारी, कुणी कापडाच्या कारखान्यात, मी पॅकिंगच्या तपासणीला. नवऱ्याच्या नोकरीमुळे सांगली सोडून इकडे आले तेव्हा शेजारणीने पहिली ओळख करून दिली ती मावशीशी. मावशी मूळची केळव्याची, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेली. नवरा वाडीतला माल बाजारात पोचवायचा. तो गेल्यावर हिने दिराच्या नाकावर टिच्चून गाडी शिकून घेतली आणि सालवडला खोली घेऊन आम्हा बायकांची ने-आण सुरू केली. अंगाने सुपारीच्या फोकासारखी बारीक. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बसायला खाली दुमडलेली गोधडी, आणि तोंडात कायम एकच शब्द, "कशावरून?"

कुणी म्हटलं, मावशी, आज कंपनीला सुट्टी आहे, तर कशावरून. कुणी म्हटलं, मला दिवस गेलेत, तर कशावरून. आमच्यातल्या संगीताने हा प्रसंग स्वतः भोगला होता. पेढा हातात घेऊन मावशीने तो नाकाला लावून हुंगला होता आणि पेढा ताजा कशावरून हेही विचारून घेतलं होतं.

ती जीप तिने नाशिककडच्या एका डॉक्टरकडून घेतली होती. गाडीत सगळं चालू आहे असं त्या भल्या माणसाने सांगितल्यावर मावशीने त्याला विचारलं होतं, सगळं चालू हाय तर मग विकता कशाला? डॉक्टर बिचारा नवीन गाडी घेतल्याचं सांगत बसला. मावशीने त्याची नवीन गाडी दाखव म्हणून हट्ट धरला, ती बघितली, आणि मग जुनीतलं एकेक बटण त्याच्याकडून दाबून घेतलं. हीटरचं बटण त्यातच निघालं. पंखा घुर्रर्र करून गरम वारा फेकू लागला तेव्हा हा माणूस आपल्याला उकडणाऱ्या गावात भट्टी विकतोय असं तिला वाटलं.

पण पहिल्याच पावसाळ्यात त्या भट्टीची किंमत कळली. बंद काचा, आत ओल्या छत्र्या आणि सगळ्या बायकांची तोंडं चालू, म्हटल्यावर समोरची काच आतून वाफेने पांढरी व्हायची. हा पंखा, म्हणजे ब्लोअर, चालू केला की त्याचा कोरडा गरम वारा काचेवर जायचा आणि वाफ खालून वर हळूहळू विरत जायची. आम्ही घामाघूम व्हायचो, पण रस्ता दिसायचा. आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावर, जिथे रसायनांचे टँकर अंगावर आल्यासारखे येतात, तिथे रस्ता दिसणं ही चैन नव्हे.

मावशीच्या संशयात जातपात, गाव-परगाव, सख्खं-सावत्र असा काही भेदभाव नव्हता. मासेवाली, बँकेतला साहेब, देवळातला पुजारी, तिचा स्वतःचा भाऊ, सगळे एका रांगेत. पावसाळ्यात दोन दिवस सलग ऊन पडलं तरी ती आभाळाकडे तिरकं बघून म्हणायची की काहीतरी डाव दिसतोय. संशयाला तिने एक हत्यारही करून ठेवलं होतं. जीपच्या पुढच्या खणात तिची नेलपॉलिशची एक बाटली असायची, गडद तपकिरी-लाल रंगाची. तिची नखं कधी रंगलेली मी पाहिली नाहीत. ते नेलपॉलिश माणसांपासून वस्तू वाचवण्यासाठी होतं. दुरुस्तीला, दळायला, भरायला जे काही बाहेर जाईल, त्यावर ती आडबाजूला एक ठिपका द्यायची. बॅटरीला ठिपका, स्टेपनीला ठिपका, गॅसच्या सिलिंडरला ठिपका. केळव्याहून आलेले नारळ तेल काढायला द्यायची तेव्हा त्या नारळांना ठिपके, आणि ते फुटेपर्यंत घाण्यावर हीच बसून. एकदा मिक्सरचं भांडं बदलून आलं ते ठिपक्यामुळे पकडलं गेलं, तेव्हापासून तर तिच्या डोक्यावर शिंगं फुटायचीच बाकी होती.

आम्ही तिची टिंगल करायचो. ती टिंगल एका सकाळी बंद झाली.

हिवाळा होता. वसाहतीच्या तोंडाशी पोचलो तर हवेत आंबूस वास. तसा तिथे वास रोजच असतो, नव्या माणसालाच तो वेगळा कळतो. पहारेकऱ्याने हाताने पुढे जा, पुढे जा अशी खूण केली. मावशीने गाडी थांबवली. काच थोडी खाली केली, नाक बाहेर काढलं आणि पुन्हा वर केली. पहारेकरी जवळ येऊन म्हणाला की काही नाही, रोजचंच आहे.

"रोजचा वास मला पाठ हाय," मावशी म्हणाली. "हा रोजचा नाय."

आणि तिने सरळ जीप वळवली. आम्ही बोंब मारली. अर्ध्या दिवसाचा पगार जाणार होता. संगीता तर तिला नाही नाही ते बोलली. दुपारी कळलं की आमच्या पुढे गेलेल्या एका बसमधल्या बायकांना डोळ्यांची आग आणि उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. कुठल्या कारखान्यातून काय सुटलं होतं ते कुणी धड सांगितलं नाही. संध्याकाळी संगीताने मावशीला वाटीभर खीर नेऊन दिली. मावशीने ती आधी संगीताला चाखायला लावली. त्या दिवसापासून मावशीची शंका म्हणजे आम्हाला देवाचा कौल. तिला वाटलं ना, मग असणारच. आमची चूक झाली असेल तर ती इथे झाली, असं मला आता वाटतं. संशयी माणूस एकदा खरा ठरला की पुढे त्याला कुणी तपासत नाही.

जीपचा इलाज करायचा यादव. बोईसरला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गाड्यांच्या इलेक्ट्रिकच्या कामाचं दुकान. माणूस बोलघेवडा, थोडा लबाड, जुन्या बल्बला फडक्याने पुसून नवा म्हणून खपवणारा. मावशीला तो पक्का ओळखून होता आणि तिच्यासमोर लबाडी करायची नाही हा त्याने स्वतःपुरता नियम केला होता, कारण ती करण्यापेक्षा खरं काम करणं सोपं जायचं. आदल्या वर्षी ब्लोअर फक्त तीन नंबरवर चालायला लागला, एक आणि दोनवर मेलेला. यादवने सांगितलं की वेग कमी करणारी एक तारेची गुंडाळी असते ती जळली, नवी टाकावी लागेल. मावशीचा त्यावर सवाल होता की जोरात चालवायला फुकट आणि हळू चालवायला खर्च, हा कुठला न्याय? तो न्याय यादवला शेवटपर्यंत समजावता आला नाही. पण नवीन गुंडाळी बसली, पंखा हळू चालला, आणि मावशी जळकी गुंडाळी फडक्यात बांधून घरी घेऊन गेली, त्याने ती दुसऱ्याला विकू नये म्हणून.

त्या पावसाळ्यात मात्र ब्लोअर पुरताच बसला. कुठल्याच नंबरवर हूं की चूं नाही. पहिले काही दिवस मी पुढच्या सीटवर बसून जुन्या ओढणीने काच पुसत होते आणि मावशी त्या पुसलेल्या पट्ट्यातून गाडी हाकत होती. मग आम्ही सगळ्या कामावरून येताना यादवकडे गेलो.

यादवने आधी फ्यूज काढला. मावशीने तो हातात घेऊन उजेडाकडे धरला, मग मला बघायला लावला. आतली तार शाबूत होती. मग त्याने दोन तारांचा छोटा दिवा काढून ब्लोअरच्या प्लगला लावला. दिवा लागला. म्हणजे करंट पोचतोय, दोष मोटारीत आहे, असं त्याने जाहीर केलं. दिव्याला पोचतो म्हणून मोटारीला पोचतो कशावरून, हे मावशीने विचारलंच. यादवने उत्तर न देता स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटारीवर दोन टोले दिले. पंखा अर्धा-एक फेरा फिरला आणि कण्हत थांबला. कार्बन घिस गया, तो म्हणाला. मोटारीत करंट नेणारे कार्बनचे दोन तुकडे झिजून संपले होते. मोटार बाहेर काढली तर मागोमाग उंदराचं अख्खं घरटं बाहेर पडलं, सुपारीची सालं, चिंध्या, कुजलेली पानं. अर्थिंगच्या स्क्रूवर खाऱ्या हवेने पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं. यादवने तो पॉलिश पेपरने घासला.

मोटार रात्रभर ठेवून जावी लागणार होती. मावशीने खणातून बाटली काढली, मोटारीच्या काळ्या पत्र्यावर कडेला एक ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत फुंकर मारत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नवे कार्बन बसले आणि ब्लोअर तिन्ही नंबरांवर सुरू झाला. गरम वारा आला, काच साफ झाली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण दोन-चार दिवसांत मावशीची कुरकुर सुरू झाली. काच साफ होत नाय. मी म्हटलं, मावशी, मला तर लख्ख दिसतंय. तर ती म्हणाली की तुझ्या बाजूची साफ हाय, माझ्या बाजूला हवा पोचत नाय. आता वारा सोडणारी भोकं दोन्ही बाजूंना वेगळी असतात हे खरं. मी काही तिच्या जागी बसून बघितलं नाही. तिने ठरवून टाकलं होतं की यादवने तिची मोटार काढून कुणाची तरी मरतुकडी मोटार बसवली. आणि खरं सांगायचं तर आम्हीही ते मानलं. यादवचे पुसलेले बल्ब आम्हाला माहीत होते. सगळ्यांनी मिळून यादवला येता-जाता शिव्या घातल्या.

मावशी आता स्टिअरिंगवर पुढे झुकून, छातीने भोंगा वाजेल इतकी जवळ बसायला लागली. गाडी इतकी हळू की सायकलवाले पुढे जायचे. एका संध्याकाळी वळणावर समोर टँकर उभा होता. तो मला केव्हाचा दिसत होता, तिलाही दिसत असणार म्हणून मी काही बोलले नाही. मावशी सरळ जात राहिली. संगीता मागून किंचाळली तेव्हा मावशीने ब्रेक दाबला, आणि आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलो. टँकरच्या मागचं धोक्याचं चित्र काचेच्या इतकं जवळ आलं होतं की मला आजही ते स्वप्नात दिसतं.

"त्या यादवने मारलंच असतं आज," मावशी म्हणाली.

मागे बायकांची कुजबुज सुरू झाली. कुणी दुसरी गाडी बघायची म्हणाली, कुणी म्हणाली नवरा आता या जीपने जाऊ देणार नाही. मावशीला ते ऐकू गेलं. त्या जीपवर तिचं पोट होतं, आणि पोटापेक्षा जास्त म्हणजे दिरासमोरचं ताठ नाक होतं. तिने जीप घराकडे वळवलीच नाही. आम्हा सगळ्यांना साक्षीदार म्हणून घेऊन ती थेट यादवच्या शेडपुढे जाऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली की मोटार उघड, माझा ठिपका दाखव.

यादवने तोंडातला तंबाखू थुंकला आणि निमूटपणे मोटार सोडवली. तेलकट फळीवर तिच्यापुढे आणून ठेवली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आत एक पिवळा बल्ब होता. आम्ही फळीभोवती दाटी केली. ठिपका होता. कडेला, जिथे तिने दिला होता तिथेच, तसाच. संगीताने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता मावशी यादवची माफी वगैरे मागणार नाही, पण निदान गप्प बसेल.

मावशीने मोटार हातात घेऊन फिरवली. एकदा, दोनदा. डोळ्याजवळ नेली, लांब धरली, बल्बखाली नेली.

"नाय ना?" ती आमच्याकडे बघत म्हणाली. "बघा. ठिपका नाय."

यादवने बोट पुढे करून ठिपक्याशेजारी टेकवलं. मावशीने तिथे बघितलं आणि म्हणाली की तो गंज हाय. यादव एकदम ओशाळला. त्याच्यावर चोरीचा आळ आला होता आणि ओशाळला तोच. मला काय सुचलं कोण जाणे, मी मावशीची तर्जनी धरली आणि त्या ठिपक्यावर ठेवली. वाळलेल्या नेलपॉलिशचा फुगीर, गुळगुळीत ठिपका. ती त्यावरून बोट फिरवत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून सगळं उतरून गेलं. मग ती शेडमधल्या टायरांच्या चळतीवर बसली.

मोटार पुन्हा बसवून त्या संध्याकाळी जीप यादवने चालवली. मावशी पहिल्यांदाच मागे आमच्यात बसली, माझ्याशेजारी. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "मला शंका होती गं."

चष्म्याच्या दुकानात ती उन्हाळ्यातच जाऊन आली होती. तिथल्या माणसाने सांगितलं की मोतीबिंदू पिकत आलाय, डॉक्टरांना दाखवा. मावशीने विचार केला, हा दुकानदार, याचं दवाखान्याशी साटंलोटं असणार. मग पाऊस आला, ब्लोअर बंद पडला, आणि धुरकट दिसण्याला एक चांगलं कारण मिळालं.

"यादववर घेतला तोवर बरा वाटला संशय," ती म्हणाली. "डोळ्यांवर घेतला असता तर गाडी गेली असती माजी."

मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. आमच्यातल्या प्रत्येकीच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं आणि ही बाई अंदाजाने गाडी हाकत होती. जगावर संशय घेणारी बाई, आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या आम्ही. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "कशावरून" म्हणाली नाही, उलट मान हलवली, आणि त्या मान हलवण्याने माझा राग अर्धा झाला, त्याचा मला पुन्हा राग आला.

ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली नाही. डोळ्यांचं ऑपरेशन करायला तयार होईपर्यंत तिने दोन डॉक्टर बदलले. तिसरी डॉक्टरीण होती, तिला विचारलं की काढलेला पडदा मला दाखवणार का, आणि आत घालायचं भिंग कुणाच्या डोळ्यातून काढलेलं नाही कशावरून. डॉक्टरीण हसली नाही. तिने भिंगाचं बंद पाकीट आणून मावशीच्या हातात दिलं आणि सील तपासून घ्या म्हणाली. मावशीने तिच्याकडून ऑपरेशन करून घेतलं. सोबतीला मी गेले होते, आणि यादवही आला होता. तो का आला हे मी विचारलं नाही.

जीप तिने संगीताच्या चुलतदिराला विकली, संदेशला. पोरगा चांगला, लग्न झालेला, आधी टेम्पो चालवायचा. ऑपरेशन होऊन काही दिवस झाले होते. मावशी कायमची केळव्याला भावाकडे जायला निघाली होती, तिचं सामान दारात बांधून ठेवलं होतं, आणि आम्ही नेहमीसारख्या सालवडच्या नाक्यावर जीपची वाट बघत होतो. पाऊस रिपरिपत होता. जीप आली, आम्ही दार उघडणार तेवढ्यात मावशी समोरून आली. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, अंगात तोच फुल शर्ट. आम्हाला तिने हाताने मागे सारलं. संदेशला काच खाली करायला लावली आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला, किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

तिथून तिने हात वर केला. बोटं दाखवली. संदेश हसत म्हणाला, तीन. तिने बोटं बदलली. दोन. मग तिने शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढून धरली आणि त्यावर चित्र कशाचं ते विचारलं. संदेशचं हसू थांबलं. त्याने डोळे बारीक केले आणि सांगितलं. नाक्यावरची माणसं थांबून बघत होती. एका रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, तर मावशीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग तिने आम्हाला मानेने खूण केली की बसा. आम्ही बसलो. ब्लोअर घुरघुरत होता, काच स्वच्छ होती. जीप तिच्याजवळून गेली तेव्हा मी हात हलवला. मावशीला तो दिसला असणार, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. काळा चष्मा कपाळावर सरकवून, पाऊस तोंडावर घेत, ती संदेशच्या डोळ्यांकडे बघत होती.